पहिल्या तारखेचा पाय

शंकुण्णी नायरांच्या अंगात कामाचा म्हणावा असा एकच अवयव होता, तो म्हणजे उजवा पाय. बाकीचे नायर कधी कुणाच्या उपयोगी पडल्याचं गावात कुणाला आठवत नाही. तरुणपणी त्यांना बसवर कंडक्टर म्हणून चिकटवलं, तर बस पुढे जायची आणि हे थांब्यावर चहा पीत राहायचे. रेशनच्या दुकानात बसवलं, तर तांदूळ मापता मापता डुलकी लागायची. लग्नासाठी पत्रिका काढल्या, पण मुलींच्या बापांना पत्रिकेआधी नायर दिसायचे आणि गोष्ट तिथेच संपायची.

पायाची गोष्ट मात्र निराळी. मल्याळम महिन्याच्या पहिल्या तारखेला, पुरतं उजाडायच्या आत, घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं त्यावर सगळा महिना ठरतो, हे आमच्या भारतपुळा नदीच्या काठी शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आता झालं असं, की एका कुंभ महिन्याच्या पहिलीला हे महाशय बिडी पेटवायला काडेपेटी मागत माळूअम्मांच्या घरात शिरले. माळूअम्मांचं घर म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं. त्याच दुपारी त्यांच्या यजमानांनी वर्षानुवर्षं रखडलेला जमिनीचा खटला जिंकला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. पण एका फांदीवर कावळ्याने उभा जन्म काढल्याचं हे माझ्या पाहण्यातलं एकमेव उदाहरण.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिलीला पहाटे नायर अंघोळ करून, कपाळाला चंदन लावून निघायचे. घरोघर उजवा पाय आत टाकायचा, देवापुढच्या दिव्याला हात जोडायचे आणि पाटावर बसायचं. एका घरी डोसे, दुसऱ्या घरी नळीत वाफवलेला पुट्टू आणि केळं, तिसऱ्या घरी इडल्या. ओणमच्या महिन्यात वर नेसायला कोरं मुंडू. सूर्य वर यायच्या आत माणसाचं पोट आणि जन्म दोन्ही भरून पावायचं. गावाने त्यांचं नावच 'पहिलीचे नायर' ठेवलं होतं, आणि त्यात कुणी आपली थट्टा करतंय असं त्यांना कधी वाटलं नाही.

या पायाच्या घरात दुसरे दोन पाय राहायचे. ते त्यांच्या धाकट्या बहिणीचे, दाक्षायणीचे, आणि ते पांढरे होते.

पांढरे कसे झाले, तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिचा नवरा एक जुनी विहीर साफ करायला उतरला आणि आतल्या वायूने गुदमरून गेला. विहीर परक्याची, वायू जमिनीतला, उतरायचा शहाणपणा त्याचा स्वतःचा. पण पांढरे ठरले दाक्षायणीचे पाय, कारण नव्या घरात त्या वर्षी आलेले तेवढेच होते. पोटात वल्सला होती. सासरच्यांनी दोघींना भावाच्या दारात आणून सोडलं आणि जाताना तिच्या हातातली पाण्याची घागरही परत नेली.

नायरांनी बहिणीला ठेवून घेतलं, याबद्दल गाव त्यांचं कौतुक करतं. स्वयंपाक, धुणी, भाताचं बी, केळीची बाग, गाय, हे सगळं दाक्षायणी बघायची, ते बहुधा त्या कौतुकात धरलेलं नाही. फक्त पहिल्या तारखेला तिने भावाच्या नजरेला पडायचं नाही. पहाटे उठून कॉफी करायची, ओसरीत ठेवायची आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावून बसायचं. पांढऱ्या पायाच्या बाईने केलेली कॉफी चालायची, तिचं तोंड चालायचं नाही. नायर डोसे खाऊन परत आले की खोकायचे. ती खोकल्याची खूण ऐकली की दाक्षायणीचा महिना सुरू व्हायचा.

उपासतापासांचंही घरात असंच वाटप होतं. नायरांची एकादशी पाहण्यासारखी असे. भात वर्ज्य, म्हणून गव्हाचे डोसे. डोसे कोरडे लागतात म्हणून सुरण, अळकुड्या घालून वाफाळती भाजी. ती तिखट झाली म्हणून गूळ घातलेली गव्हाची खीर. आणि संध्याकाळी पोटावरून हात फिरवत, "यंदाचा उपास फार कडक झाला हो." एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण तुमच्याकडे साबुदाण्यावर बेतली असेल, आमच्याकडे गव्हाने तिची लाज राखली. हे सगळं रांधून दाक्षायणी स्वतः तुळशीचं पाणी पिऊन राहायची. एकादशी झाली की प्रदोष, मध्ये सोमवार, मग षष्ठी. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिला जेवायचे दिवस शोधावे लागत. धनु महिन्यातली तिरुवातिरा तेवढी तिच्या वाट्याला नव्हती. त्या दिवशी झोपाळ्यावर झुलायचा आणि विडे चघळायचा मान नवरे जिवंत असलेल्या बायकांचा.

हे सगळे उपास एकट्या वल्सलासाठी. आणि देवाने म्हणा किंवा कॅलेंडरने म्हणा, थोडं ऐकलंही. वल्सलाला त्याच गावात, शेताच्या पलीकडे, चांगलं घर मिळालं. जावई प्रभाकरन शाळेत शिक्षक, तोंडातून शब्द न फुटणारा. बोलायचं खातं त्याची आई भार्गवी अम्मा सांभाळायची. या बाईने स्थळ पसंत केलं ते "मामाचा पायगुण आहे" म्हणून. लग्नात मामा पुढे आणि मुलीची आई मंडपाच्या खांबामागे. दाक्षायणीने खांबामागून अक्षता टाकल्या आणि त्या पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीच्या अंबाड्यात पडल्या.

पुढल्या वर्षी वल्सलाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण आईच्या घरी, ही रीत तुमच्याकडे आहे तशी आमच्याकडेही. दाक्षायणीने लगेच मागची खोली सारवून घेतली, बाळंतिणीच्या काढ्याला मुळ्या वाळत घातल्या. तर भार्गवी अम्मा स्वतःच आल्या.

"राग मानू नकोस गं," त्या कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या, कारण आत यायचं नव्हतं. "पण तुझ्या घरी नको. मूल झाल्यावर अठ्ठाविसाव्या दिवशी बारशाला तू ये, बघून जा. लांबून."

"लांबून," दाक्षायणी म्हणाली.

"तुझ्या भल्यासाठीच सांगते. काही बरंवाईट झालं तर बोल तुलाच लागेल ना?"

बाई खोटं बोलत नव्हती. बोल तिलाच लागला असता, आणि लावणाऱ्यांत पहिली भार्गवी अम्माच असती.

दाक्षायणी भावाकडे गेली. आयुष्यात तिने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे सुरुवात कशी करायची हेच तिला कळेना. थोरल्या भावाला आम्ही एट्टा म्हणतो, तिथूनच तिने सुरुवात केली. "एट्टा, तुम्ही एक शब्द टाका ना त्यांच्याकडे. तुमचा शब्द मोडणार नाहीत त्या. म्हणा, घर माझं आहे, पाय माझा आहे, पाठवा पोरीला."

नायर विडा लावत होते. त्यांनी चुना जरा जास्तच वेळ लावला. "त्याचं असं आहे दाक्षू, माझा एक मान आहे गावात. उद्या तिथे काही झालं, तर लोक म्हणतील नायरांचा पाय उतरला. मग?"

"मग काय?"

"मग काय म्हणजे? मी खाऊ काय?"

वास्तविक खायला घरात दाक्षायणीच घालत होती. स्वयंपाकघरात जाऊन ती पाठीमागचं दार लावून रडली, आणि त्या दिवशी प्रदोष होता म्हणून रडून झाल्यावर पाणीही प्यायली नाही.

मग कर्किडकम आला. आमच्याकडचा हा महिना म्हणजे वर्षाची हगवण. पाऊस थांबत नाही, घरात धान्य नाही, शुभकार्य नाही, दुपारी औषधी पेज आणि संध्याकाळी रामायण. महिना लागायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या घरांतून फुटकी मडकी, झिजलेल्या केरसुण्या, मोडकं सूप असं सगळं गोळा करून 'अवदसा बाहेर, लक्ष्मी आत' म्हणत वेशीबाहेर फेकून येतात. घरातलं हे सामान डोक्यावर घेऊन जायचं काम अर्थातच दाक्षायणीचं. ती फेकून परत आली, तर शेजारची एक बाई हसत म्हणाली, "अगं, अवदसा बाहेर म्हटलं ना? तू आत कशी आलीस परत?" सगळे हसले. नायरही हसले, कारण सगळे हसत होते. दाक्षायणीला त्या क्षणी भावाचा असा तिटकारा आला की तिने पाय धुतले आणि ते पाणी त्यांच्या अंघोळीच्या घंगाळात ओतलं. त्यांनी त्याच पाण्याने अंघोळ केली आणि त्यांना काहीही झालं नाही.

त्याच महिन्याच्या अमावास्येला पितरांना पिंड द्यायला सगळं गाव नदीवर जातं. आदल्या दिवशी एकभुक्त, म्हणजे एकदाच भात. नायरांनी भात एकदाच खाल्ला, त्यावर तीन वेळा उपमा खाल्ला. पहाटे पिंडाचं केळीचं पान डोक्यावर धरून ते पाण्यात उतरले, पितरांना जेवू घातलं, आणि वर येताना शेवाळलेल्या पायरीवरून जे घसरले ते थेट खाली. पितरांनी काय आशीर्वाद दिला माहीत नाही, पण मोडला तो नेमका उजवाच पाय.

गाव भेटीला लोटलं. माळूअम्मा पालखीतून याव्यात तशा दोघांच्या आधाराने आल्या आणि खाटेशी बसल्या.

"दुखतंय का?" त्यांनी प्लास्टरकडे बघत विचारलं.

"फार दुखतंय हो," नायर कण्हले.

"तुम्हाला नाही विचारत. पाय टेकवता येईल का, चिंगमच्या पहिलीला?"

खरा प्रश्न तो होता. चिंगम म्हणजे नवं वर्ष, ओणमचा महिना, आणि त्याची पहिली तारीख कर्किडकमच्या पाठोपाठ दारात उभी. प्लास्टरातला पाय हा पाय धरायचा की नाही, यावर तासभर खल झाला. शेवटी, बोटं बाहेर दिसतात ना, ती टेकली की पुरे, असं ठरलं. मग प्रश्न आला उभं राहायचा.

"दवाखान्याने कुबडी दिलीय," कुणीतरी म्हणालं.

"वर्षाच्या पहिल्या दिवशी घरात कुबडी?" माळूअम्मा म्हणाल्या. "मग वर्षभर लंगडायचं कुणी, मी?"

म्हणजे माणूस हवा धरायला. राघवनला घ्यावं, तर त्याची गाय परवाच मेलेली. कुट्टप्पन धडधाकट, पण त्याला जन्मात लॉटरीचा एक नंबर लागलेला नाही. ज्यांच्यात काही खोट नव्हती ते आपले मागे सरकले, कारण उद्या कुणाच्या घरी काही वाकडं झालं तर नाव धरणाऱ्याचं येणार. असा सगळा गाव एकमेकांच्या पायांकडे बघत बसला असताना दाक्षायणी चहा घेऊन आली.

माळूअम्मांनी तिच्याकडे बघितलं. "हिला घ्या."

"हिला?" भार्गवी अम्मांना ठसका लागला. "हिचे पाय..."

"पाय कसले? डोक्यावरून छत्री ओढून घेईल, बोलणार नाही, बघणार नाही. काठी समजायची. काठीला कुठे पायगुण असतो? काठी ज्याच्या हातात, गुण त्याचा." मग आवाज जरा खाली आणून, "आणि काही झालंच तर हिला नवीन काय लागणार आहे? भिजलेल्याला पावसाची भीती कसली."

अशा रीतीने दाक्षायणी त्या दिवशी काठी झाली. तिला कुणी विचारलं नाही, कारण काठीला विचारत नसतात. पण लोक गेल्यावर तिने भावाला विचारलं. "मी धरीन एट्टा. पण पहिली पार पडली की भार्गवी अम्मांशी बोलायचं. वल्सलाला घरी आणायचं. कबूल?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी. "देवाशपथ बोलतो," नायर म्हणाले, आणि बहिणीच्या हातावर हात ठेवला. दाक्षायणीला खरं वाटलं. बायकांना भावांचं खरं वाटतं, त्याला इलाज नाही.

चिंगमच्या पहिलीला पहाटे ती जोडी निघाली. मोठी काळी छत्री, तिच्याखाली डोकं खाली घातलेली बाई, आणि तिच्या खांद्यावर लोंबणारे नायर. पहिलं घर माळूअम्मांचं. तिथे एक गोष्ट दाक्षायणीच्या लक्षात आली. एका पायावरच्या माणसाला उंबरा ओलांडायला लावायचं, तर धरणाऱ्याला आधी आत जावं लागतं, त्याशिवाय त्याला ओढता येत नाही. ही साधी गोष्ट गावातल्या एकाच्याही ध्यानात आली नव्हती. निदान कुणी तसं बोललं नव्हतं. तिने पाय आत टाकला. लग्नाआधी ती या घरात सागरगोटे खेळायला यायची, तेव्हाचीच ती गुळगुळीत लाल फरशी तळव्याला लागली. मग तिने भावाला ओढलं, त्यांची बोटं टेकली, माळूअम्मांनी दिव्यापुढे हात जोडले आणि सगळे म्हणाले, "आला, पाय आला."

असं घरोघर झालं. नायरांना पाटावर डोसे, आणि काठी ओसरीच्या कोपऱ्यात उभी. शेवटचं घर भार्गवी अम्मांचं. सासूच्या मागे वल्सला उभी होती, पोट आता दिसू लागलेलं, चेहरा उतरलेला. आईचे पाय आत आलेले बघून तिच्या तोंडून निघून गेलं, "अम्मा."

"काठीशी बोलू नकोस," भार्गवी अम्मा म्हणाल्या.

काठी बोलली नाही. पण छत्रीखालच्या अंधारात ती रडत होती, आणि तिच्या खांद्यावर रेललेल्या नायरांना ते कळत होतं. त्यांनी दोन डोसे खाल्ले. एरवी तीन खायचे.

चिंगम दणक्यात गेला. तसा चिंगम दणक्यातच जातो. पाऊस उघडतो, भात घरात येतो, ओणमसाठी परगावची माणसं पिशव्या भरून येतात. त्या महिन्यात घरात गाढवाचा पाय पडला तरी भरभराट व्हायची. पण यंदा माळूअम्मांच्या मुलाला दुबईचा व्हिसा आला, राघवनच्या नव्या गायीला कालवड झाली, आणि प्रभाकरनला घराजवळच्या शाळेत बदली मिळाली. "प्लास्टरमध्येसुद्धा काय तेज आहे बघा पायात," असं लोक म्हणू लागले.

तिरुवोणमला, म्हणजे ओणमच्या मुख्य दिवशी, केळीच्या पानावर जेवण मांडून झाल्यावर दाक्षायणीने आठवण दिली. "एट्टा, बोलताय ना आज?"

नायर पायस पानावर घेऊन हाताने ओरपत होते. "सणाचं कशाला? पुढच्या महिन्यात बोलतो, कन्नीत."

"देवाशपथ म्हणाला होतात."

"मग देव कुठे पळून चाललाय? थोडं पायस वाढ."

गरज सरली, वैद्य मेला. तिने पायस वाढलं. सगळं पातेलं त्यांच्या डोक्यावर उपडं करावं असं तिला वाटलं होतं, पण नवं मुंडू तिलाच धुवावं लागलं असतं.

कन्नीच्या पहिलीला प्लास्टर निघालेलं होतं. वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखा पाय घेऊन नायर एकटेच, भिंती धरत धरत, गावभर फिरून आले. दाक्षायणी पुन्हा दाराआड. आणि तो महिना भलताच निघाला. माळूअम्मांच्या मुलाचा फोन आला की ज्या कंपनीच्या व्हिसावर तो गेला ती कंपनीच बुडाली. राघवनच्या गायीचं दूध आटलं. भार्गवी अम्मांच्या विहिरीचा कठडा ढासळला, आणि वल्सलाला दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, मन लागत नाही पोरीचं, सांभाळा.

नवरात्रात हत्यारं, अवजारं, पुस्तकं देवीपुढे पूजेला ठेवायची असतात. सुताराने रंधा ठेवला, प्रभाकरनने पुस्तकं ठेवली. नायरांनी पुष्कळ विचार करून आपली उजवी चप्पल धुतली आणि देवीपुढे ठेवली. दाक्षायणीने ती उचलून अंगणात टाकली. "तुझ्यामुळेच पाय बिघडलाय माझा," ते पहिल्यांदाच ओरडले. "घरात बसून नजर लावतेस." पण पूजा उठेपर्यंत गावाचा विचार उलट्या बाजूला पोचला होता. पाय तोच, घरं तीच. चिंगमला होतं आणि कन्नीला नव्हतं असं काय? काठी.

दाक्षायणीचा पायगुण चांगला, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. तसं म्हटलं असतं तर मागच्या इतक्या वर्षांचं काय करायचं? म्हणून म्हणायचं असं, की नायरांच्या पायाला काठी लागते. पाय पावतो, पण काठीसकट.

तुलाम महिना लागायच्या आदल्या दिवशी भार्गवी अम्मा आल्या. कुंपणापाशी थांबल्या नाहीत, थेट ओसरीत येऊन बसल्या.

"उद्या तू पण ये हो नायरांबरोबर. आमच्याकडे आधी या. पोरीची तब्येत बघतेस ना."

"एट्टांचा पाय बरा झालाय आता," दाक्षायणी म्हणाली. "त्यांना आधार कशाला?"

"बरा कुठला? लंगडतात अजून." त्यांनी नायरांकडे बघितलं. नायर उठून दोन पावलं व्यवस्थित लंगडून दाखवून पुन्हा बसले.

दाक्षायणी तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून तिने हात पुसले. एवढी वर्षं जी बाई कुणाला उलट बोलली नव्हती, तिला पहिलं वाक्य फार जड जातं. "येईन. पण परत येताना वल्सला माझ्याबरोबर येईल. बाळंतपण इथे होईल."

"अगं पण हे घर..."

"घराला काय झालं? यात पायगुणाचे नायर राहतात आणि एक काठी राहते. पांढऱ्या पायाचं इथे कोण आहे, तुम्हीच सांगा."

दाक्षायणीचं नाव घ्यायचं तर काठी गेली, आणि काठी गेली तर महिना गेला. शेवटी भार्गवी अम्मा म्हणाल्या, "छत्री तेवढी आण. लोक बघतात."

तुलामच्या पहिलीला रीतीप्रमाणे वल्सलाला चिंचेचं पाणी पाजून आईबरोबर धाडलं. शेताच्या बांधावरून तिघं घरी आली. दाक्षायणीच्या एका खांद्यावर धडधाकट भाऊ लंगडत होता आणि दुसऱ्या हातात लेकीचा हात होता. वल्सला मागच्या खोलीत निजली ती संध्याकाळपर्यंत उठलीच नाही. आई उशाशी बसून राहिली. झोपेत पोरीने तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं, म्हणून गाईची धार काढायची राहून गेली. त्या महिन्यातल्या स्कंदषष्ठीला मात्र दाक्षायणीने आयुष्यात पहिल्यांदा उपास मोडला. वल्सला म्हणाली, "तू जेवल्याशिवाय मी जेवणार नाही," आणि डॉक्टरीणबाईंनी पोरीला उपाशी ठेवू नका म्हणून बजावलं होतं. दोघी भात आणि ताक जेवल्या.

वृश्चिकम लागला. गावातले पुरुष शबरीमलैच्या व्रतासाठी काळी वस्त्रं नेसून, दाढ्या वाढवून, एकमेकांना 'स्वामी' म्हणू लागले, आणि ताडीच्या दुकानदाराने वार्षिक दुखवटा सुरू केला. त्याही पहिलीला काठी फिरली. महिना बरा गेला, म्हणजे कुणाचं काही वाईट झालं नाही. एवढ्यावर काठीचा भाव असा वाढला, की भार्गवी अम्मांनी तिला ओसरीच्या कोपऱ्यातून आत बोलावून पाट दिला. जमिनीपासून दोन बोटं उंच.

महिना संपता संपता वल्सलाला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप दवाखान्यातून घरी आली. दाक्षायणीने नातीला मांडीवर घेतलं. माझा पाय हिला बाधेल का, हा विचार तिच्याही मनात येऊन गेला. इतकी वर्षं कानावर पडलेलं रक्तात उतरतंच. पोरीने जांभई दिली, आजीचं बोट धरलं आणि झोपून गेली.

आणि धनु महिन्याची पहिली आली. पहाटे फाटकापाशी माळूअम्मा हजर. मागे भार्गवी अम्मा, राघवन आणि आणखी चार घरची माणसं. माळूअम्मांच्या हातात छत्री. नायर अंघोळ करून, चंदन लावून, एक पाय किंचित वर धरून तयार.

"चल गं, उजाडायला आलं," माळूअम्मा म्हणाल्या.

दाक्षायणी दारात आली. तिच्या खांद्यावर बाळाचं ओलं दुपटं होतं. "कसं येणार? घरात सोयर आहे."

बाळ जन्मलेल्या घरातल्या माणसाने सोयर फिटेपर्यंत दुसऱ्याच्या घरात शुभकार्याला पाय घालायचा नाही, हे कुणाला सांगायला नको होतं. नायरांनी वर धरलेला पाय हळूच खाली ठेवला. ते तर त्याच घरचे, आणि आमच्यात सोयर आईच्या बाजूने लागतं, तेव्हा भाचीच्या मुलीचं सोयर त्यांनाही होतंच. भार्गवी अम्मांनी तोंडाला पदर लावला. तिरुवातिराचा महिना, आणि घरात पाय नाही.

माळूअम्मा मात्र बुद्धीच्या बाई. त्यांनी क्षणभर विचार केला. "नायर राहू देत घरी. तू चल. तू तर काठी. काठीला कसलं आलंय सोयर?"

"खरंच की," मागून दोघंतिघं म्हणाले.

दाक्षायणीने त्या सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं. तिला राग आला होता, आणि तो लपवावा असं तिला वाटलं नाही.

"काठीला नसतं सोयर, माळूअम्मा," ती म्हणाली. "आजीला असतं."

तेवढ्यात आतून नात रडली, आणि ती दार लोटून पाणी गरम करायला गेली.